आबा जिन्यात बसायचे

तेरा वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढल्यावर मी पुन्हा कॉलेजात गेले, तेव्हा मी अडतीस वर्षांची होते आणि वर्गातल्या सगळ्या मुली मला ‘ताई’ म्हणायच्या. त्या चोवीस-पंचवीसच्या. पहिल्या दिवशी एकीने मला शिक्षिका समजून उठून नमस्कार केला, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. 

कुणी ढकललं म्हणून मी गेले नव्हते. नव्याने येणाऱ्या मुलींना शीर कशी शोधायची, घाबरलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं, हे वॉर्डात मीच शिकवत आले होते. त्यातलीच एक पुढे एम.एस्सी. नर्सिंग झाली आणि एक दिवस आमच्याच वॉर्डात विद्यार्थिनी घेऊन आली. मला म्हणाली, “सिस्टर, मी यांना जे शिकवते ना, ते सगळं तुमचंच आहे.” तिने ते मनापासून म्हटलं होतं, पण मला लागलं. माझंच आहे, तर मी का शिकवत नाही? त्याच आठवड्यात मी एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म आणला.

घर सोपं नव्हतं. आम्ही नाशिकच्या सिडकोत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. नवरा सातपूरच्या कंपनीत पाळीने कामाला, मुलगी तेव्हा तिसरीत. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि सासरे सटाण्याजवळच्या गावात एकटे राहत होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. माझा प्रवेश झाल्याचं कळलं तसा त्यांचा फोन आला.

“तू अभ्यास कर. घरनं मी देखस.”

मी निफाडकडची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आबांची अहिराणी माझ्या डोक्यावरून जायची. हे वाक्य मात्र तेव्हाही लगेच कळलं असतं: घरचं मी बघतो. चार दिवसांनी ते एक पत्र्याची पेटी आणि बाजरीचं पीठ घेऊन दारात उभे राहिले.

डेपोत प्रत्येक गाडीचं कामाचं कार्ड असायचं म्हणे. काय तपासलं, काय बदललं, काय बाकी आहे. आबांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला मुलीची जुनी पाटी टांगली आणि रोज सकाळी तिच्यावर खडूने कामं लिहायला सुरुवात केली. पाणी. दूध. डबा. शाळा. झालेल्या कामावर काट. भाजी त्यांची जेमतेम असायची, पण वेळेवर असायची. दुपारी ते मुलीला शाळेतून आणत आणि संध्याकाळी माझी वही हातात घेऊन मला प्रश्न विचारत. इंग्रजी शब्द एकेक अक्षर जुळवून वाचायचे आणि माझं उत्तर वहीत आहे तसं आलं नाही, तर मान हलवायचे. “आखो एकदा सांग,” म्हणायचे. म्हणजे पुन्हा सांग.

एवढं सगळं असून पहिल्याच सहामाहीत मी संख्याशास्त्रात नापास झाले.

नापास होणं ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. वर्गातल्या मुलींनी ते आकडे पाच-सहा वर्षांपूर्वीच पाहिलेले होते. माझा गणिताशी संबंध औषधाचा डोस काढण्यापुरता राहिला होता. त्या दिवसांत सकाळी उठले की माझा जबडा दुखायचा, कारण झोपेत मी दात आवळून धरत होते. मुलीने पेन्सिल हरवली म्हणून मी तिच्यावर एवढी ओरडले, की ती टेबलाखाली जाऊन बसली. घाबरलेल्या पेशंटला श्वास मोजायला मीच शिकवत असे. ‘चार आकडे आत, सहा आकडे बाहेर.’ स्वतःवर ते करून पाहण्याची शुद्ध मला नव्हती. मी बाथरूमचा नळ सोडायचे आणि रडायचे.

वर्गात आणखी एक जण नापास झाली होती. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी, होस्टेलवर राहायची. हुशार, अबोल. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली.

“ताई, मला नाय जमायचं. मी घरी जाते.”

“घरी जाऊन काय करशील?”

“काय पण करीन. भात लावीन.”

मी तिला काहीतरी धीराचं बोलेन असं तिला वाटलं असावं. माझ्याकडेच धीर नव्हता. मी म्हटलं, “उद्यापासून डबा खाल्ल्यावर अर्धा तास कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसायचं. एक गणित तू सोडव, एक मी. त्या अर्ध्या तासात जमत नाही, होत नाही, हे शब्द काढायचे नाहीत. नंतर पाहिजे तेवढं रडू.”

ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. आम्ही दोघी एकही दिवस चुकवला नाही.

त्याच सुमारास संशोधनाचा विषय ठरवायचा होता. मला मधुमेहींच्या पायांच्या जखमांवर काम करायचं होतं. आमच्या गाईड मॅडम फार कमी बोलत. त्यांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, “तुम्ही मुली दिवसभर आपापसात कशाबद्दल बोलता?”

“ताणाबद्दल.”

“मग त्यावर करा ना.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “आणि फक्त विद्यार्थिनींवर नको. ते पुष्कळांनी केलंय. तुमच्या पाठीशी घरात जे उभे असतात, त्यांना कोण विचारतं?”

प्रश्नावली मराठीत तयार झाली. ती आधी कुणावर तरी वापरून पाहायची असते, प्रश्न कळतात की नाही ते बघायला. फेब्रुवारीतला रविवार होता, जेवणं झाली होती. नवरा पाळीवर गेला होता. मुलगी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी आबांना समोर बसवलं, कागद घेतला आणि अगदी परक्या माणसासारखं विचारायला लागले.

“झोप नीट लागते का?”

“मस्त लागस.”

“जेवण जातं का?”

“दोन भाकरी खास. तूच देखस ना.”

“नेहमीच्या कामांनी थकवा येतो का?”

“माले काय व्हयनं? काही नई.”

मी ‘नाही’वर खूण करणार, तेवढ्यात मुलगी मान वर न करता म्हणाली, “आबा जिन्यात बसतात.”

“गप, पोरी,” आबा म्हणाले.

“बसतात ना. शाळेतून येताना. एकदा पहिल्या मजल्यावर, एकदा दुसऱ्या. तोंडाने श्वास घेतात. मला म्हणाले, आईला सांगू नको, आईची परीक्षा आहे.”

मी पेन खाली ठेवलं. “आबा, पाय दाखवा.”

“पायले काय शे?”

“दाखवा.”

त्यांनी पायजमा थोडा वर घेतला. घोट्याच्या वर मी अंगठ्याने दाबलं आणि बोट काढलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. वॉर्डात अशी बोटं मी रोज किती पायांवर दाबली असतील! आणि हे पाय माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्यासाठी तीन जिने चढत होते.

कपाटातून रक्तदाबाचं मशीन काढलं. आकडा पाहिला आणि पुन्हा एकदा घेतला. तोच.

“गोळ्या घेता ना?”

“संपन्यात.”

“कधी?”

“दिवाळीले.”

म्हणजे तीन महिने झाले होते. त्यांचे डॉक्टर सटाण्याला. तिकडे जाऊन यायचं म्हणजे एक दिवस मोडणार, मग पोरीला शाळेतून कोण आणणार? नाशकात दुसरा डॉक्टर बघायचा, तर मला सांगावं लागणार. आणि नळ सोडून मी रडायचे ते त्यांना बाहेर ऐकू यायचं. म्हणून त्यांनी गोळ्यांचा विषयच काढला नाही. हे सगळं त्यांनी खाली बघत, चूक कबूल करणाऱ्या माणसासारखं सांगितलं. मला त्यांचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

सोमवारी सकाळी माझं सेमिनार होतं. ते सोडून मी त्यांना दवाखान्यात नेलं. ईसीजी झाला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “हृदयावर भार आलाय. झटका आलेला नाही, एवढं नशीब.” गोळ्या पुन्हा सुरू, मीठ कमी आणि दोन आठवडे जिना बंद.

रिक्षात आबांनी आधी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, “माले गावले धाडी दे. तुले मदत कराले उनू अन् तुले वझं व्हयनू.”

मदतीला आले आणि ओझं झाले, असं त्यांना वाटत होतं. घरी आल्यावर आधी मुलीला जवळ घेतलं. ती घाबरून गेली होती. आबांनी विश्वासाने सांगितलेलं आपण फोडलं, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, “तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस. यापुढे आईची परीक्षा असली तरी सांगायचं.”

“आणि आबा रागावले तर?”

“आबांना मी बघते.”

आठ वर्षांच्या पोरीला माझ्या अभ्यासापायी गुपित सांभाळावं लागलं, ही गोष्ट मला नापास होण्यापेक्षा जास्त टोचली. आजही टोचते. त्याच दुपारी मी शिक्षण सोडण्याचा अर्ज लिहिला.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी अर्ज वाचला आणि टेबलावरच्या स्टेपलरखाली सरकवून ठेवला. म्हणाल्या, “एक कोरा कागद घ्या. तुमचे सासरे घरात काय काय करतात ते लिहा.”

मी लिहायला लागले. पाणी, दूध, डबा, शाळा. मग गॅसचा नंबर लावणं, दळण, मुलीचा पाढ्यांचा सराव, वाळत घातलेले कपडे काढणं, लाइट गेली तर पंपाचं बटण बंद करणं. कागदाची मागची बाजूही भरली. पाटीवरची चार कामं मला रोज दिसायची. बाकीची आपोआप होतात असंच मी धरून चालले होते.

“आता प्रत्येक कामापुढे कुणाचं तरी नाव लिहा. त्यांचं नको आणि तुमचंही नको.”

मी पेन धरून बसले. एकही नाव सुचेना. 

“मागायची लाज वाटते?”

“वाटते.”

“पेशंट पाणी मागायला लाजला तर तुम्ही त्याला काय म्हणता?”

 मी अर्ज परत घेतला आणि तो कागद घेऊन घरी आले.

सुरुवात नवऱ्यापासून केली. तो म्हणाला, “कंपनीत पाळी बदलून देत नाहीत.”

“तुम्ही विचारलंत?”

त्याने विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, “मला वाटलं, तू आणि आबा मिळून बघताय सगळं.” त्या दिवशी मी त्याला खूप बोलले. दोघांचाही आवाज चढला, आतून आबा खाकरले तेव्हा आम्ही थांबलो. पण दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझरकडे गेला आणि सहा महिन्यांसाठी कायमची पहिली पाळी मागून आला. एवढं सहज मिळालं, की त्यालाच लाजल्यासारखं झालं. दुपारनंतरचं घर त्याने अंगावर घेतलं. पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी न लावताच डाळ चढवली, पण शिकला.

तळमजल्यावरच्या काकूंच्या डोक्यावर आम्ही सहा वर्षं राहत होतो आणि वाटीभर साखरेपलीकडे काही मागितलं नव्हतं. मी जाऊन म्हटलं, “काकू, तुम्ही नातवाला आणायला जाता तेव्हा माझ्या मुलीलाही आणाल का?” त्या म्हणाल्या, “मी तर रोज तुझ्या सासऱ्यांना बघत होते धापा टाकताना. म्हटलं, विचारावं की नाही.” म्हणजे त्यांनाही दिसत होतं.

पेठची मुलगी म्हणाली, “ताई, मंगळवार-शुक्रवार मी तुमच्याकडं येते. भाकऱ्या मी टाकीन. होस्टेलचं जेवण तसं बी जात नाय.” ती येताना घरून आलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन यायची.

कागद भरला. राहिले आबा. त्यांना मी पलंगावर बसवून ठेवलं होतं, उशी, पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी सगळं हाताशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी बाहेर काढली.

“काम नई तर मी उद्या जास.”

माझ्या लक्षात आलं, की मी त्यांना विचारलंच नव्हतं. पेशंटला न विचारता त्याची सगळी कामं काढून घेऊ नका, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. “आबा, तुम्हाला यातलं काय ठेवायचंय?”

त्यांनी कागद घेतला आणि बराच वेळ वाचला. “पोरगीना डबा. अन् तुले प्रश्न इचारानं.”

ती दोन कामं त्यांच्याकडे राहिली. पेटी पलंगाखाली गेली.

एप्रिलमध्ये माहिती गोळा करण्यासाठी मी विद्यार्थिनींना आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या माणसांना एका शनिवारी दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये बोलावलं. कुणाचा नवरा, कुणाची आई, होस्टेलबाहेर राहणाऱ्या कुणाची घरमालकीण, मालेगावहून एकीचे वडील. माणसं अवघडून बसली. सगळ्यांनी प्रश्नावल्या भरल्या. वर वर चाळल्या तर जवळजवळ सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’. मुलींना बाहेर चहाला पाठवलं होतं आणि मी कागद गोळा करत होते, तेवढ्यात माझ्या घरून आलेले आबा मागून उठले.

“मी पन असंच सांगं व्हतं,” ते म्हणाले. मग शक्य तेवढ्या शुद्ध मराठीत, थांबत थांबत, त्यांनी गोळ्यांचं, जिन्याचं, पोरीला गप्प बसवल्याचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, “माले वाटनं, मी सुनेला त्रास वाचवतो. तिचा सोमवार तर गेलाच. वर ती शिक्षण सोडाले निघनी.”

 मग पेठच्या मुलीची आई बोलली. जीप आणि एसटी बदलत ती सकाळपासून निघालेली. “मी तिला फोनवर ‘कशी हायेस’ असं इचारतच नाय. जेवलीस का, एवढंच इचारते. ती रडली, तर मी तिथून काय करू?”

चहा संपवून मुली परत येत होत्या. तिची लेक दारातच उभी होती. तिने ते ऐकलं. पुढे येऊन आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “तू काय करू नको. फक्त ऐक.”

ज्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं त्यांच्यापैकी काहींनी आपापले कागद परत मागितले. मॅडम म्हणाल्या, नियमाप्रमाणे भरलेली उत्तरं आता बदलता येणार नाहीत. संशोधनात ती तशीच गेली आणि असं का झालं असावं, हे मी शेवटच्या प्रकरणात लिहिलं. पण त्या दिवसानंतर दर महिन्याच्या एका शनिवारी आम्ही हॉल मागून घेऊ लागलो. कधी वीस माणसं यायची, कधी चारच. भाषण नाही, प्रश्नावली नाही. चहा आणि एक नियम: ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही. पेठच्या मायलेकींनी रोज पाच वाजता फोन करायचं ठरवलं.

सगळ्यांचंच सावरलं असं मी म्हणणार नाही. आमच्यातली एक मुलगी दुसऱ्या वर्षी सोडून गेली. तिच्या घरून एकदाही कुणी आलं नव्हतं. आम्ही तिच्या दारापर्यंत जाऊन आलो, पण काही करू शकलो नाही.

संख्याशास्त्र आम्ही दोघी दुसऱ्या खेपेला सुटलो, मी अगदी काठावर. शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध मिटला आणि विचारलं, “तुमच्या स्वतःच्या घरात यामुळे काय बदललं?” या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. जे आलं ते बोलले. “रक्तदाबाचं मशीन कपाटात असायचं. आता ते जेवणाच्या टेबलावर असतं आणि दर रविवारी आम्ही सगळ्यांचा बघतो. माझासुद्धा.” त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

आता मी एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. पेठची मुलगी तिच्याच तालुक्यात आहे, मुलींना प्रसूतीचं काम शिकवते. आबा गावी परतले. महिन्यातून एकदा एसटीने तपासणीला येतात आणि जिना एकट्याने चढायचा नाही म्हणून काकूंकडे तळमजल्यावर बसून आमच्यापैकी कुणीतरी खाली येण्याची वाट बघतात.

मागच्या महिन्यात मी पीएच.डी.चा फॉर्म आणला. भरण्याआधी आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो. नवरा म्हणाला, यंदा कंपनीत नवीन मशीन येतंय, त्याला पहिली पाळी मिळेल याची खात्री नाही. आबा म्हणाले, मी येस, पण महिन्यातले पंधरा दिवस. गावी कांदा त्यांच्याशिवाय काढत नाहीत म्हणे. मुलगी आता सातवीत आहे. ती म्हणाली, “मला वाटतं तू कर. पण मागच्या वेळेसारखी ओरडणार असशील तर नको.”

मी म्हटलं, “ओरडले तर?”

“तर मी तोंडावर सांगीन.”

हे मान्य झालं. मग कोण काय करणार आणि कुणाला काय जमणार नाही, ते आम्ही लिहून काढलं. दोन जागा मोकळ्या राहिल्या. त्या कशा भरायच्या ते अजून ठरलेलं नाही. फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या शुक्रवारी आहे. उद्या मी काकूंना विचारणार आहे, आणि शाळेतल्या एका पालकांना, ज्यांच्याशी मी आजवर फक्त मान हलवून बोलले आहे.

फॉर्म मी भरणार आहे.